प्रवासाचा पहिला दिवस

श्रोते हो, लांबच्या प्रवासाची वर्णने पुष्कळ लिहिली जातात. परंतु त्यांत पहिल्या दिवसाच्या वाट्याला बहुधा एखाददुसरे वाक्यच येते. ‘पहाटे निघालो आणि सायंकाळी अमक्या गावी पोचलो’ एवढे सांगून प्रवासी पुढच्या रम्य स्थळांकडे वळतो. वास्तविक पुढच्या सर्व दिवसांचा शिरस्ता याच दिवशी पडत असतो. कोणी किती वेळ गाडी चालवावी, थकवा आला तर तो कोणी बोलून दाखवावा, मतभेद झाल्यास कोणाचे ऐकावे, हे प्रश्न नवराबायको दोघेच प्रवासास निघाली म्हणजे पहिल्या शंभर मैलांतच पुढे येतात. आमच्या अशा एका दिवसाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

उन्हाळ्यात मोटारीने मुंबईहून थेट अलमोड्यास जावे, हा आमचा बेत फार जुना. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे आजारपण, यजमानांची नोकरी, अशा एकेका कारणाने तो पुढे ढकलला गेला. अखेर सेवानिवृत्ती आली आणि तिच्या पाठोपाठ यजमानांचे हृदयाचे दुखणेही आले. त्या रात्री माझी झोप मोडू नये म्हणून चार तास त्यांनी छातीतील कळ मुकाट्याने सोसली. डॉक्टर पुढे म्हणाले, “आणखी उशीर झाला असता तर सांगता आले नसते.” प्रकृती सुधारल्यावर त्याच डॉक्टरांनी प्रवासास अनुमती दिली, मात्र सलग दोन तासांहून अधिक गाडी चालवावयाची नाही, अशी अट घातली. तेव्हा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मोटार चालवावयास शिकले.

निघण्यापूर्वी काही गोष्टी आम्ही कटाक्षाने केल्या. चाकांतील हवा पहाटे, चाके थंड असताना तपासून घेतली. उन्हात धावून चाके तापली की आतील हवेचा दाब वाढतो. तो पाहून घाबरून हवा सोडू नये, कारण चाक निवल्यावर ती कमी पडते. यजमानांची औषधे दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवली. वाटेवरील मोठ्या रुग्णालयांची नावे एका कागदावर लिहून घेतली, आणि त्याच्या शिरोभागी रुग्णवाहिकेचा १०८ व राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीचा १०३३ असे दोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहिले. शिदोरीला दशम्या होत्या. दुधात भिजवलेल्या असल्यामुळे त्या प्रवासात टिकतात, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते.

पहाटे पाच वाजता दादरहून निघालो. धुळ्यापर्यंतचा टप्पा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांचा. हा मुंबई-आग्रा रस्ता एकाच दिवसात केवढा पालट दाखवितो! शहापूरच्या बाजूला भातसा नदीवरील धरण आहे. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा तेथून येतो. घर सोडून इतके अंतर आलो, तरी आपल्या स्वयंपाकघरातील नळाचे मूळ आता कोठे लागते आहे, या विचाराची मला मोठी मौज वाटली.

कसारा जवळ आला तेव्हा यजमानांचे दोन तास भरले होते. पुढे थळ घाट. इंग्रजांनी याच घाटातून आगगाडी वर चढविली आणि १८६५ साली ती इगतपुरीस पोचली. आता ज्यांना घाट नको असेल त्यांच्यासाठी समृद्धी महामार्गाचा सुमारे ८ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदाही २०२५ साली खुला झाला आहे. आम्हांला मात्र घाटानेच जावयाचे होते. मी म्हटले, “अहो, दोन तास झाले.”

“एवढा घाट चढवून देतो. वर सपाटी लागली की तू घे.”

“सपाटीवर मला भीती वाटतच नाही. घाटाचीच सवय व्हायला हवी.”

ते काही बोलले नाहीत. गाडी बाजूस घेऊन त्यांनी उभी केली, खाली उतरले आणि डावीकडच्या आसनावर येऊन बसले. ज्याने आयुष्यभर स्वतः सुकाणू धरले त्या मनुष्याला शेजारी बसणे किती कठीण जाते, हे मी त्या अर्ध्या तासात पाहिले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबीत होता. चढावर आमच्या पुढचा मालाचा ट्रक एकाएकी थांबला. मागेही वाहनांची रांग. हाताचा ब्रेक ओढून मी थांबले. ट्रक हलला तशी क्लच हळूहळू सोडीत, गाडी तसूभरही मागे न जाऊ देता वर काढली. तेव्हाही त्यांनी अवाक्षर काढले नाही. वर घाटनदेवीपाशी उतरलो. दर्शन घेतल्यावर त्यांनी थर्मासमधला चहा ओतला आणि पहिला पेला माझ्या हाती दिला.

घाटमाथ्यावर हवा पालटते, तसा पाण्याचा मार्गही पालटतो. खाली कोकणातले पाणी अरबी समुद्राकडे धावत असते. नाशिकला ओलांडलेली गोदावरी पार पूर्वेकडे बंगालच्या उपसागरास मिळते. पुढे सातमाळ्याचे डोंगर ओलांडून मालेगावच्या बाजूस उतरावे, तो गिरणा आणि मोसम या नद्या लागतात. त्यांचे पाणी तापीत जाते, म्हणजे पुन्हा पश्चिमेकडे. अशा रीतीने एका दिवसात प्रवासी दोन जलविभाजक ओलांडतो.

पिंपळगाव बसवंतच्या आसपास एप्रिलमध्ये छाटलेल्या द्राक्षवेलींना नवी पालवी आली होती, आणि शेताशेतांत कांद्याच्या चाळी भरलेल्या दिसत होत्या. चांदवडला होळकरांचा रंगमहाल दुरूनच पाहिला. राहुडच्या उतारावरून खाली येताच उष्ण वाऱ्याचा झोत तोंडावर आला. असा लांब उतार ब्रेकवर उतरू नये. खालच्या गिअरमध्ये उतरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

मालेगावहून यजमान पुन्हा गाडी चालवू लागले. दुपारचे तीन वाजले होते. अर्धा तास झाला असेल नसेल, तोच झोडग्याच्या अलीकडे ते म्हणाले, “अगं, जरा थांबतो. शीण आला आहे.”

श्रोते हो, या चार शब्दांसाठी मी अलमोड्यापर्यंत जावयास तयार होते. ते मला पहिल्याच दिवशी मिळाले. एका कडुनिंबाखाली गाडी लावली. छातीत दाटल्यासारखे होते का, कळ हातात किंवा जबड्यात जाते का, घाम सुटला आहे का, हे एकेक विचारले. यांपैकी काही असते तर विश्रांतीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठणे हाच मार्ग होता. तसे काही नव्हते. ऊन आणि दिवसभराचा शीण एवढेच होते. पाणी प्यायलो, सावलीत तासभर स्वस्थ बसलो. पलीकडे गावात माणकेश्वराचे प्राचीन शिल्पमंडित मंदिर आहे; ते परतीच्या वाटेवर निवांत पाहावयाचे ठरविले. पुढची वाट मी चालविली आणि दिवे लागायच्या सुमारास धुळ्यास मुक्कामाला पोचलो.

त्या रात्री आम्ही पुढील प्रवासाचे तीन नियम ठरविले. दोन तासांनी पाळी बदलावयाची, मग पुढे घाट असो की सपाटी. दुपारी बारा ते चार शक्यतो गाडी चालवावयाची नाही. आणि तिसरा नियम, दुखले-खुपले ते ज्याचे त्याने तत्क्षणी सांगावयाचे. ते ऐकून दुसऱ्याने रागवावयाचे नाही.

पुढे नर्मदा, चंबळ आणि यमुना ओलांडून आम्ही अलमोड्यास पोचलो व सुखरूप परत आलो. नियम पहिले दोन आम्ही काही वेळा मोडले. तिसरा कधीही मोडला नाही. ज्या जोडप्यांचा असा एखादा बेत कपाटातल्या नकाशात घडी होऊन पडला असेल, त्यांनी तो या उन्हाळ्यात बाहेर काढावा. मात्र पहिला टप्पा बेताचा ठेवावा, कारण त्या दिवशी रस्त्याइतकीच एकमेकांचीही सवय करून घ्यावयाची असते.