बंद दारामागील बंधुभाव
(इस्लापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



फ्रीमेसन मंडळींच्या लॉजला सामान्य हिंदुस्थानी माणूस पूर्वी ‘जादूघर’ म्हणत असे. हे नाव इस्लापूरला अगदीच परके वाटू नये. मराठवाडा 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत गोशामहल बारादरीतच लॉज भरत असे. आत भुतेखेते बोलावतात, अशी बाहेर समजूत. प्रत्यक्षात तेथील विधी जादूचा नसून नाट्याचा आहे, आणि त्यातील एक प्रसंग समाजवाद्यांनीही समजून घ्यावा इतका अर्थपूर्ण आहे.

नव्या उमेदवाराच्या अंगावरील नाणी, अंगठी, घड्याळ, सारे धातू काढून घेतात. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरीचा फास, एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा, अशा स्थितीत त्याला आत नेतात. परमेश्वराला स्मरून शपथ झाल्यावर पट्टी सुटते. मग त्याच्याकडे अकस्मात दान मागतात. द्यावयास त्याच्यापाशी काहीच नसते. तेव्हा त्याला सांगतात की, संकटात सापडलेला बांधव भेटेल त्या वेळी स्वतःची ही रिक्तहस्त अवस्था आठव. धर्मग्रंथही तेथे एकच नसतो. भारतातील लॉजांत गीता, कुराण, बायबल, अवेस्ता व ग्रंथसाहेब यांना सारखेच स्थान आहे.

हे सारे ढोंग आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ही समता दाराच्या आत नांदते, आणि दारावर पहारेकरी असतो. मुंबईच्या माणकजी करसेटजींना मेसन होण्यासाठी पॅरिस गाठावे लागले; त्यानंतर 1843 मध्ये जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज हिंदी लोकांसाठी काढले. कलकत्त्यात तर हिंदू अनेक देव मानतात, या सबबीवर प्रसन्नकुमार दत्त यांचा प्रवेश 1872 पर्यंत अडला. विश्वबंधुत्वाच्या मंदिरातही गोऱ्यांची रांग आधी होती! आणि स्त्रियांना भारताच्या ग्रँड लॉजमध्ये (स्थापना 1961) आजही सभासदत्व नाही.

गुप्ततेचा हा मोह मराठी सुधारकांनाही पडला. दादोबा पांडुरंग प्रभृतींनी 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा काढली. तिचा विधी लॉजहून अधिक धाडसी होता: सभासदाने जातिभेद पाळणार नाही अशी प्रतिज्ञा करावयाची आणि ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा. पण खावयाचा तो दार लावून. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याची धास्ती पडली आणि सभा विखुरली. घरी परतल्यावर पंक्तीतले पान सोडण्याची तयारी नसेल, तर पावाच्या तुकड्याने जात मोडत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी भर उन्हात, सर्वांदेखत प्याले गेले. त्याची किंमत सत्याग्रहींनी डोकी फोडून घेऊन दिली. पण यादी चोरीस गेल्याने ती चळवळ संपण्यासारखी नव्हती, कारण लपविलेले असे तेथे काही नव्हतेच.

राहिला सेवाकार्याचा प्रश्न. मेसन मंडळींनी शाळा, दवाखाने चालविले आहेत. कोइमतूरचे त्यांचे मुलांचे वैद्यकीय केंद्र प्रसिद्ध आहे. आजारी मुलाला औषध कोणाच्या हातून मिळाले, हे विचारीत बसण्याचे कारण नाही. अर्थशास्त्राचा प्रश्न निराळा आहे: देणाऱ्याची मर्जी फिरली, तर घेणाऱ्याने जावे कोठे? लॉजमधला उमेदवार पाव तास निर्धन असतो. विधी संपताच त्याची नाणी परत मिळतात. किनवटच्या जंगलपट्टीतील आंध, कोलाम वा बंजारा मजुराची रिक्तहस्तता विधीपुरती नसते, आणि प्रवेशशुल्क भरून त्या दालनात जाणे त्याला शक्यही नसते.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात अन्नछत्रेही चालली आणि खडी फोडण्याची कामेही निघाली. अन्नछत्रे पाऊस पडताच बंद झाली. कामांच्या मागणीतून 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागण्याचा अधिकार त्याने मजुराला दिला. तो भत्ता प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडला, हे विचारले की कचेरीत सारे गप्प होतात. पण त्या गप्प बसण्याविरुद्ध किनवटच्या तहसिलीवर मोर्चा नेता येतो, अर्जाची पोच मागता येते, आणि त्या मोर्चात बायकाच पुढे असतात.