बाजाराची भाषा आणि शाळेची भाषा

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर हे काही मोठे शहर नव्हे. गोंड राजांच्या काळातील किल्ल्याचे अवशेष, आदिवासी विकासाची कचेरी, शाळा, वसतिगृहे, दुकाने आणि आठवडी बाजार, एवढाच त्याचा पसारा. परंतु बाजाराच्या दिवशी येथे भाषांचीही मोठी जत्रा भरते.

सकाळपासून डोंगरपट्टीतील माणसे येऊ लागतात. पूर्वी ती बैलगाडीने येत, आता ऑटोरिक्षाने येतात. ज्वारी, तूर किंवा कापूस यांचे चार पैसे हाती आले, की मीठ, मिरची, तेल आणि कापड घेऊन घरी परतायचे, हा त्यांचा क्रम. गोंडांची गोंडी, कोलामांची कोलामी, आंधांची मराठी, लमाणांची बोली, दुकानांतील उर्दू आणि कचेरीतील तेलुगू या साऱ्या तेथे एकमेकींत मिसळतात. प्रधानांची कथा तर आणखी निराळी. त्यांच्या घरी मराठी. परंतु किंगरी हाती घेऊन गोंड यजमानाच्या कुळाची गाथा गायची, ती मात्र गोंडीत!

बाजाराला या भाषांची अडचण पडत नाही. माल खपवावयाचा असतो. म्हणून व्यापारी गिऱ्हाइकाची भाषा शिकतो. शाळेचे मात्र तसे नाही.

मी पेशाने शिक्षक. माझ्या वर्गात एक गोंड मुलगा होता. कित्येक दिवस तो एक अक्षरही बोलला नाही. मी त्याला मंद समजलो. एके दिवशी बाजारात तो मला वडिलांबरोबर दिसला. दुकानदाराने गोंडीत हिशेब सांगितला, आणि त्या चिमुरड्याने त्यातील चूक तेथल्या तेथे दाखवून दिली! श्रोतेहो, त्या दिवशी नापास झालो तो मी.

हा प्रश्न नवा नाही. 1940 साली जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर या लोकांच्या असंतोषाचे मूळ शोधण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाठविले. जमिनीचे कागद, कचेरीचे हुकूम सारे परक्या भाषेत. शेत हातचे गेले तरी धन्याला त्याचा पत्ता नसे. हे ओळखून 1943 च्या सुमारास या टापूतील मार्लवाई येथे गोंडीतून शिक्षण सुरू झाले. पुस्तके गोंडी भाषेत, परंतु देवनागरी लिपीत होती. गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. केसलापूरच्या नागोबा जत्रेतील दरबारही त्याच काळातला. तेथे अधिकाऱ्यांनी लोकांपुढे जाऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकावी, असा संकेत पडला.

पुढे 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, 2014 साली तेलंगण राज्य झाले. राज्ये बदलली आणि कारभाराच्या भाषाही बदलल्या. पहिलीच्या वर्गात येणारे गोंड मूल मात्र आईची भाषा घेऊनच येते.

त्याने तेलुगू शिकावी, मराठी शिकावी, इंग्रजीही शिकावी. त्यावाचून पुढची वाट नाही. परंतु पहिले पाऊल त्याच्या अंगणातून पडू द्यावे. मी आता पन्नास-साठ गोंडी शब्द शिकलो आहे. माझे उच्चार ऐकून मुले खुदकन हसतात. हसू द्यात. जे मूल हसले, ते उद्या बोलेल. चार पैशांसाठी व्यापारी जे शिकतो, ते मुलासाठी शिकणे शिक्षकाला जड का वाटावे?