क्युबिटला ऊन लागतं तेव्हा

(बुलढाण्यात युवकांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मघाशी आयटीआयच्या एका मुलानं विचारलं, "सर, क्वांटममध्ये आमच्यासारख्यांचं काय काम?" त्याच्यासाठी विषय थोडा बदलतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. चिप कुलाब्याच्या संस्थेतच घडली. पेपरांनी सहाचा आकडा छापला. मी मात्र आधी विचारीन, एकेक क्युबिट टिकतो किती वेळ?

असे क्युबिट बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. साधारण १.२ केल्विनखाली ॲल्युमिनियम अतिवाहक होतं, त्यातले इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात. चिप त्याहून शंभरपट थंड, ०.०१ केल्विनच्या आसपास ठेवतात. आता गंमत बघा. त्याच फ्रिजमध्ये वरचा एक थर ४ केल्विनला असतो. म्हणजे उणे २६९ अंश! तरी तोही उष्णता फेकतोच. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडं पत्र्याला एक भोक असलं, की उन्हाची तिरीप नेमकी खाटेवर येते ना? तशी ही प्रारणं डब्याच्या फटीतून चिपवर येतात. साधारण ९० गिगाहर्ट्झच्या वरचा एक फोटॉन जोडी फोडायला पुरतो. सुटा इलेक्ट्रॉन जंक्शन ओलांडताना क्युबिटची ऊर्जा घेऊन जातो. १ चा ० होतो आणि चाललेला हिशेब तिथंच मोडतो.

२०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी डब्यात डबा बसवला, आतून प्रारण शोषणारा काळा लेप दिला, आणि या प्रकाशानं होणारं नुकसान थांबलं. तांबं अचूक कापायचं, झाकण फट न ठेवता बसवायचं, केबलला फिल्टर जोडायचे. बाळा, यातलं बरंच काम फिटर-टर्नरच्या हातचं आहे.

सगळंच डब्यानं अडत नाही. वैश्विक किरण आणि भिंतीतला नैसर्गिक किरणोत्सर्गही जोड्या फोडतात. २०२० मध्ये एमआयटीच्या गटानं यंत्राभोवती शिशाची भिंत वर-खाली करून मोजलं. फरक पडला, पण किंचित. हे किरण अडवले नाहीत, तर असे क्युबिट काही मिलिसेकंदांपलीकडं टिकणार नाहीत, असा त्यांचा अंदाज आहे.

मागच्या रांगेतल्या ताईंचा हात कधीचा वर आहे. विचारा.