मंडपामागची सेवा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अच्छाड येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आज मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी मॅट्रिक झालेला एक साधा प्राथमिक शिक्षक. सारे आयुष्य फळा आणि हजेरीपट यांच्या सहवासात गेले. विद्वत्तेचे भाषण करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेली बावीस वर्षे मी ह्या मंडळाचा सहचिटणीस म्हणून मंडपाच्या मागे वावरलो आहे. आज प्रथमच मंडपाच्या पुढे उभा राहत आहे, तेव्हा त्या मागच्या बाजूविषयीच बोलावे, असे मी ठरविले आहे.

समारंभ पाहणाऱ्यांस व्यासपीठ दिसते. हारतुरे दिसतात. पाहुण्यांचे भाषण ऐकू येते. परंतु पाहुण्यांना पत्र कोणी धाडले, वर्गणीची पावती कोणी फाडली, गुणवंत मुलांचे अर्ज कोणी तपासले, पाण्याचा पिंप कोणी भरून ठेवला आणि सर्व आटोपल्यावर सतरंज्यांची संख्या कोणी मोजली, हे कोणास दिसत नाही. ते दिसू नये हेच बरोबर आहे, कारण हे काम नीट झाले म्हणजे अदृश्य होते. चुकले म्हणजे मात्र सर्वांस दिसते.

अशा कामाला आपल्याकडे हल्ली ‘कारकुनी’ म्हणून नाक मुरडण्याची रीत पडली आहे. आपल्या पूर्वजांची दृष्टी निराळी होती. चिटणीस, फडणीस, पोतनीस, वाकनीस ह्या शब्दांच्या शेवटी जो ‘नीस’ आहे, तो फारसीतील ‘नवीस’ होय, म्हणजे लिहिणारा. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या वेळच्या अष्टप्रधानांत वाकनिसास मंत्री म्हणून स्थान होते. रोजच्या हकिगतीची नोंद ठेवणे आणि आमंत्रण-निमंत्रण पाहणे हे त्याच्या कामांत मोडत असे. कोणास बोलावणे गेले आणि कोणास राहिले, हा प्रश्न स्वराज्याच्या संस्थापकांस क्षुल्लक वाटला नाही. मग आपल्या लहानशा मंडळास तो क्षुल्लक का वाटावा?

इतिहासाचा दाखला दूरचा वाटेल, म्हणून जवळचा देतो. आपल्याच परिसरात, बोर्डी येथे, १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंची प्रज्ञा मोठी. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. परंतु त्यांच्या कल्पनेला रोजचे हातपाय लाभले ते अनुताई वाघ यांच्या रूपाने. अनुताई बालविधवा. दिवसा नोकरी करून रात्रशाळेत शिकत त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. ताराबाईंच्या साहाय्यक म्हणून त्या १९४५ साली बोर्डीस आल्या, आणि १९९२ साली देह ठेवीपर्यंत, सत्तेचाळीस वर्षे, त्यांनी ते काम सोडले नाही. बी. ए. ची पदवी त्यांनी १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मिळविली. ताराबाई १९७३ साली निवर्तल्यावर संस्था थांबली नाही, कारण साहाय्यक म्हणून आलेल्या बाईंच्या हाती तोपर्यंत संस्थेचा प्रत्येक धागा आलेला होता. पुढे सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ती मिळाली नसती तरी त्यांचे काम तसूभरही उणे झाले नसते. मोठा विचार एका व्यक्तीला सुचतो. तो पाड्यापाड्यावर, घराघरात नेण्यास रोज उठून जाणारे दुसरे कोणी तरी लागते.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. आपले अच्छाड हे महाराष्ट्राच्या वेशीवरचे गाव. पूर्वी आठ क्रमांकाचा व आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथून गुजरातेत शिरतो, आणि तपासणी नाक्यामुळे हे नाव देशभरच्या वाहनचालकांस अनेक वर्षे ठाऊक आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची काही गावे गुजरातेत गेली. सीमा नकाशावर आखली गेली, पण सोयरीक नकाशा पाहून होत नाही. आपली काही घरे अलीकडे राहिली, काही पलीकडे. त्यामुळे आमच्या सभासद-नोंदवहीत एका भावाचा पत्ता महाराष्ट्रातला तर दुसऱ्याचा गुजरातेतला, असा प्रकार पानोपानी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा अलीकडच्या सर्व पत्त्यांवर ‘ठाणे’ खोडून ‘पालघर’ लिहिण्यात माझी दिवाळीची अर्धी सुटी गेली. पलीकडच्या मुलांच्या गुणपत्रिका गुजरातीत येतात, आणि एकच आडनाव इकडे एका तऱ्हेने व तिकडे दुसऱ्या तऱ्हेने लिहिले जाते. ह्या सर्वांना एका सूत्रात ओवणारी गोष्ट म्हणजे ती नोंदवही.

माझ्याआधी जे चिटणीस होते, त्यांना आम्ही सारे भाऊ म्हणत असू. भाऊंनी मला हे काम शिकविले. ते म्हणत, “मास्तर, यादी दोनदा वाचावी. एकदा डोळ्यांनी, एकदा बोटाने.” बोटाने म्हणजे मूळ अर्जावर बोट ठेवून. मला तेव्हा हा म्हाताऱ्या माणसाचा अतिरेक वाटे. तो अतिरेक नव्हता, हे मला ज्या प्रसंगाने कळले, तो आज मी आपणांसमोर उघड करणार आहे. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात तो नमूद आहेच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता. अर्ज आले. त्यांत पलीकडच्या गावातील एका मुलीचा अर्ज होता, सोबत गुजरातीतील गुणपत्रिका. रात्रीचे अकरा वाजले होते. टक्केवारी काढण्यापूर्वी गुणपत्रिकेचा तर्जुमा करून घ्यावा, म्हणून मी तो अर्ज ‘उद्या पाहू’ असे म्हणून वेगळा ठेवला. दुसरे दिवशी मंडपवाल्याशी हुज्जत झाली, पाहुण्यांची गाडी वाटेत अडकली, आणि तो अर्ज माझ्या पिशवीतच राहिला. यादी मी एकदाच वाचली, डोळ्यांनी. बोटाने वाचली असती तर एक अर्ज कमी भरला असता.

समारंभ थाटात झाला. नावे पुकारली गेली, टाळ्या झाल्या, वंदे मातरम् झाले. मी समाधानाने सतरंज्या मोजत होतो. तेव्हा एक बाई आपल्या मुलीस घेऊन माझ्याजवळ आल्या. मुलीने नवा परकर-पोलका घातला होता आणि केसांत अबोलीचा गजरा होता. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, “मास्तर, आम्ही तिकडचे, म्हणून राहिलो का?”

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ‘नाही हो, चुकून राहिले’ असे मी म्हणालो, आणि ते खरे होते. परंतु जी मुलगी शेवटच्या नावापर्यंत कान टवकारून बसली, तिच्या दृष्टीने चूक आणि हेतू यांत काय अंतर? १९६० साली सरकारने जी रेषा आखली, ती आम्ही आमच्या मनात कधी मानली नव्हती. ती त्या संध्याकाळी माझ्या आळसाने आमच्या मंडपात आखली गेली. माझ्या आयुष्यात मी वर्गात पुष्कळ चुका केल्या असतील, परंतु हिच्याइतकी कोणतीही मला सलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी व अध्यक्ष त्यांच्या घरी गेलो. पाचशे एक रुपयांचे पाकीट आणि प्रशस्तिपत्र दिले. त्यांनी चहा दिला, आदर केला. कार्यकारिणीत काही जण म्हणाले, “झाले ते झाले, इतिवृत्तात कशाला लिहिता? मंडळाची शोभा होईल.” मी म्हणालो, “शोभा व्हायची ती झाली. न लिहिल्यास ती पुन्हा होईल.” आणि मी लिहिले. पुढील वर्षी मेळाव्यात तिचे नाव प्रथम पुकारले. परंतु ती मुलगी आली नव्हती. तिची आई आली होती. तिने व्यासपीठावर येऊन फूल घेतले आणि ती खाली जाऊन मागच्या रांगेत बसली.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की समजली. यादीतले नाव म्हणजे शाईची ओळ नव्हे. ते कोणाचे तरी मूल असते, गजरा माळून आलेले. कार्यक्रमाचे साहाय्यक काम म्हणजे प्रत्येकाची आठवण ठेवण्याची जबाबदारी. वक्ता विसरला तर भाषण फसते, पण चिटणीस विसरला तर माणूस तुटतो.

म्हणून आम्ही काही नियम घालून घेतले. ते साधे आहेत, तथापि इतर गावांच्या मंडळांसही उपयोगी पडतील, ह्या आशेने सांगतो. पहिला नियम असा की, आलेल्या प्रत्येक कागदास त्याच दिवशी आवक क्रमांक द्यावा. क्रमांक पडलेला कागद पिशवीत राहिला तरी वहीत दिसतो. दुसरा नियम असा की, यादी एकाने लिहावी आणि दुसऱ्याने मूळ अर्जांवर बोट ठेवून मोठ्याने वाचावी. अर्जांची व नावांची संख्या जुळल्याखेरीज यादी व्यासपीठावर जाऊ नये. तिसरा नियम पैशाचा. पावतीपुस्तकाची स्थळप्रत फाडू नये, रद्द पावतीही जागेवरच ठेवावी, आणि खर्चाचे प्रमाणक त्याच आठवड्यात घ्यावे. मंडपवाला वर्षानंतर पावती देत नाही, दिली तरी तिच्यावरील रक्कम त्याला आठवत नाही. चौथा नियम असा की, आभार मानण्यापूर्वी निवेदकाने विचारावे, “कोणाचे नाव राहिले आहे काय?” हा प्रश्न विचारण्यास कमीपणा वाटू देऊ नये.

याखेरीज कायद्याची बाजू आहे. आपले मंडळ नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाप्रमाणे हिशेबांची दरवर्षी तपासणी व्हावी लागते, आणि विश्वस्तांत बदल झाला म्हणजे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ मंडळे येथेच अडखळतात. निवडणूक होते, हार घातले जातात, पेढे वाटले जातात, पण अर्ज राहतो. वर्षे लोटतात, जुने विश्वस्त स्वर्गवासी होतात, आणि शासनाच्या दप्तरी संस्था मृतांच्याच नावावर चालू राहते. मग जागेचा किंवा बँकेचा प्रश्न आला म्हणजे सर्वांची धावपळ होते. संस्था भांडणांनी बुडतात असे आपण म्हणतो. माझ्या अनुभवात त्या न दिलेल्या अर्जांनीही बुडतात.

तरुण मंडळी मला म्हणतात, “सर, आता वही कशाला? संगणक आहे, व्हॉट्सॲपवर निमंत्रण एका क्षणात सर्वांस जाते.” त्यांचे म्हणणे मी मान्य करतो. संगणकाने माझे पत्ते लिहिण्याचे श्रम वाचले आहेत, आणि त्याचे अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य आहे. परंतु क्षणात सर्वांस जाणारे निमंत्रण ज्या वृद्ध विधवेच्या घरी तसा फोन नाही, तिला जात नाही. तिच्या घरी कोणी तरी उठून जावे लागते. ती राहिली आहे हे यंत्र सांगत नाही. ते ओळखण्यास नोंदवही पाठ असलेला माणूस लागतो. यंत्र अवश्य वापरावे, पण मोजणीचे बोट आपलेच असावे.

आज मी सहचिटणीसपदावरून निवृत्त होत आहे. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि भाऊंच्या नियमांतील अर्धा भाग डोळ्यांचाच आहे. कार्यकारिणीस माझी एकच विनंती आहे. माझ्या जागी एकाची नव्हे, दोघांची नेमणूक व्हावी. एक अलीकडचा असावा, एक पलीकडचा. त्यांपैकी एक भगिनी असल्यास अधिक चांगले, कारण कोणत्या घरी कोण आजारी, कोणाचे मूल परीक्षेस बसले, ही खबर आमच्या वहीपेक्षा भगिनींना आधी असते. मी वर्षभर त्यांच्याजवळ बसेन आणि मला येते तेवढे शिकवीन. चिटणीस मेल्यावर त्याची पेटी उघडून काम शिकण्याची वेळ कोणत्याही संस्थेवर येऊ नये.

आणि पालकांस विनंती अशी की, आपल्या मुलांस वक्तृत्व अवश्य शिकवावे, परंतु वर्षातून एक दिवस त्यांना मंडपाच्या मागेही पाठवावे. खुर्च्या मोजू द्याव्यात, पावत्या लिहू द्याव्यात, यादी बोटाने वाचू द्यावी. समाज कसा चालतो, हे त्यांना तेथे जेवढे कळेल, तेवढे माझ्यासारख्या मास्तरच्या भाषणाने कळणार नाही.

बावीस वर्षांत माझ्या हातून ज्यांचे नाव राहिले असेल, त्या सर्वांची, इकडच्या आणि तिकडच्या, मी हात जोडून क्षमा मागतो. आता बसण्यापूर्वी आमच्या चौथ्या नियमाप्रमाणे विचारतो, कोणाचे नाव राहिले आहे काय?