भूकंपाची ताजी खबर

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा दुसरा. त्या दिवशी बुलढाण्यात मला फोनावर फोन आले. “सर, रात्री मोठा धक्का येणार म्हणे. पोरांना बाहेर निजवू का?” १९९३ च्या ३० सप्टेंबरची किल्लारीची पहाट ज्यांच्या मनात आहे, त्यांना भित्रे कोण म्हणेल? पण ते ‘म्हणे’ आले कुठून, हे कोणाला सांगता येईना.

तेव्हा मुलांना घेऊन मी एक आज्ञावली लिहायला बसलो. पायथॉन भाषेत, वीसेक ओळींची. अमेरिकेचे भूशास्त्रीय सर्वेक्षण खाते जगातल्या भूकंपांची यादी इंटरनेटवर फुकट देते. ती दर मिनिटाला ताजी होते. संगणकाने ती आणायची, बुलढाण्यापासून पाचशे किलोमीटरांतल्या नोंदी निवडायच्या आणि जागा, वेळ, तीव्रता मराठीत दाखवायची. एवढेच काम.

पण गंमत पुढेच आहे. यादीतली वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत असते, तीही ग्रिनिचची. हजाराने भागा, आपले साडेपाच तास मिळवा. शिवाय तीत रेखांश आधी, अक्षांश मागून. मुलांनी बुलढाणा मात्र वहीतल्यासारखे, अक्षांश आधी धरून लिहिले. गाव गेले थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात! भिंतीवरचा नकाशा उतरवला तेव्हा चूक उमगली. शिक्षकबंधूंनी हा तास जरूर घेऊन पाहावा. आणि प्रत्येक भूकंपाला खूणक्रमांक असतो, तो टिपून ठेवा. नाहीतर एकच धक्का दर पाच मिनिटांनी नवा म्हणून ओरडत राहील.

एक मात्र ध्यानात असू द्या. आपल्याकडचे चारच्या खालचे धक्के त्या यादीत बहुधा नसतात. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी पाहावी. आणि आज्ञावली सांगते ते झालेले. उद्याच्या भूकंपाची वेळ आज कोणालाच सांगता येत नाही.

मग पोरांचे काय? धक्क्यानंतर लहानमोठे धक्के येऊ शकतात. किल्लारीला माणसे दबली ती जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड धाब्यांखाली. घर तसे असेल, भिंतीला तडा दिसत असेल, तर खुशाल अंगणात निजा. त्याला संगणक नको.

त्याच वर्षी १० जुलैला हिंगोलीकडे पुन्हा ४.५ चा धक्का बसला. फोन आलेच. पण या खेपेस ‘म्हणे’ ऐकताच मुले विचारू लागली, “नोंद कुठे आहे? किती वाजताची?”