रंग न दिलेली काच



रातांधळेपणावर कलेजी खावी, असे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले असेल. त्यात तथ्य आहे. 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा साठा यकृतात असतो. तो साठवणाऱ्या पेशी ओळखताना मी कसा फसलो, ते सांगतो.

संशोधन करीत असताना मी पांढऱ्या उंदराच्या यकृतातील पेशी काचेवर वाढवीत होतो. काचेला चिकटलेल्या, टोकांना निमुळत्या, फाटे फुटलेल्या पेशी दिसल्या. अगदी फायब्रोब्लास्टसारख्या, म्हणजे जखम भरून काढणारे तंतू बनवणाऱ्या पेशींसारख्या. व्हिमेंटिन नावाच्या प्रथिनाला धरणारा चमकता रंग दिला, पेशी उजळल्या. मी वहीत 'फायब्रोब्लास्ट' असे लिहून मोकळा झालो. वास्तविक व्हिमेंटिन कितीतरी प्रकारच्या पेशींत असते.

गुरुजींनी एवढेच विचारले, "रंग न दिलेली काच पाहिलीत का?"

पाहिली नव्हती. तशी ताजी काच अतिनील प्रकाशाखाली ठेवली, तर निळसर-हिरवे ठिपके लकाकले आणि बघता बघता विझले. रंगाचा थेंबही नसताना! ही 'अ' जीवनसत्त्वाची खूण. पुढे डेस्मिन या प्रथिनाचा रंग दिला, तोही बसला. त्या यकृतातील तारा-पेशी होत्या.

माझ्यापेक्षा फार मोठी माणसेही येथे चुकली आहेत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कुप्फर यांनी १८७६ साली सोन्याच्या क्षाराने या पेशी रंगवल्या व त्यांना तारा-पेशी म्हटले. १८९८ साली मात्र त्यांनीच बाहेरचे कण गिळणाऱ्या निराळ्याच पेशी त्या नावाखाली घेतल्या. हा गोंधळ १९७१ साली जपानच्या केन्जिरो वाके यांनी निस्तरला. तोही तीच जुनी सोन्याची पद्धत पुन्हा वापरून.

नावात काय आहे, असे म्हणू नका. यकृताला वारंवार इजा झाली की याच पेशी आपला साठा गमावतात, रूप पालटतात आणि व्रणाचे तंतू विणू लागतात. यकृत कठीण होण्याच्या रोगाचे मूळ पुष्कळसे येथेच आहे. पेशी चुकीची ओळखली, तर औषधाचा शोधही चुकीच्या दारात जातो.

म्हणून पालकांना विनंती, मुलाने प्रयोगवहीत 'ओळखता आले नाही' असे लिहिले तर रागावू नका. शेजाऱ्याची आकृती उतरवण्यापेक्षा ते बरे.

माझ्या वहीतले ते पान मी फाडले नाही. 'फायब्रोब्लास्ट'वर एक रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि खाली नवे नाव लिहिले.