गोबरगॅसचा नळ : बसवणी, दुरुस्ती आणि गळतीची खबरदारी



गोबरगॅस बांधायचा म्हटलं की घरात सगळी चर्चा खड्ड्याची होते. खड्डा केवढा घ्यायचा, विटा किती, सिमेंटची पोती किती, टाकी तरंगती घ्यायची की घुमट बांधायचा. नळाचं काम मात्र शेवटच्या दिवशी, उरलेल्या पैशात आणि गवंडी निघायच्या घाईत उरकलं जातं. मग वर्षभरात तक्रार सुरू होते, की गॅस पुरत नाही. दोष दिला जातो शेणाला, थंडीला, नाहीतर म्हशीला. थंडीत गॅस कमी होतो, हे खरंच आहे. पण उन्हाळ्यातही तो पुरत नसेल, तर आधी टाकीपासून शेगडीपर्यंतचा नळ तपासा. आज बोलायचं आहे ते या दहा-पंधरा मीटर नळाविषयीच.

थोडा हिशेब करू. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठ्या जनावरांचं. १ घनमीटर गोबरगॅस साधारण ४३० ग्रॅम एलपीजीचं काम करतो. पुरा गॅस मिळाला तर महिन्याला ६० घनमीटर होतो, म्हणजे १४.२ किलोची जवळजवळ पावणेदोन सिलिंडरं. आता बघा, तुमची शेगडी दिवसातनं तीन-चार तास चालते. सांध्यातली गळती मात्र चोवीस तास चालते. बारीक भोकातनं जाणारा गॅससुद्धा दिवसाकाठी एका वेळच्या स्वयंपाकाइतका जाऊ शकतो. शेण गोळा करून कालवणाऱ्या बाईचे कष्ट असे वाऱ्यावर जातात, आणि घरात धोका येतो तो वेगळाच.

नळ बसवताना सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उतार. गोबरगॅस टाकीतनं निघतो तेव्हा तो वाफेनं भरलेला असतो. नळात तो थंड झाला की वाफेचं पाणी होतं. हे पाणी निघून जायला वाट हवी. म्हणून नळाला १०० ला १ असा उतार द्यायचा, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. उतार टाकीकडे देता आला तर उत्तम, पाणी आपोआप टाकीत परत जातं. जागेमुळे ते जमत नसेल, तर नळाच्या सर्वात खोल जागी पाणी साठायची सोय करून तिला तोटी बसवायची. मिस्त्री लोक तिला वॉटर ट्रॅप म्हणतात. आठवड्यातनं एकदा ती तोटी उघडून पाणी सोडायचं, पाणी संपून गॅसचा वास आला की लगेच बंद करायची. हे करताना जवळपास विडी, कंदील काही नको. उतार नजरेनं ठरवू नका. गवंड्याकडे पाणसळ असते, ती लावून घ्या. मधेच नळ झोळीसारखा लोंबला तर तिथं पाणी साठणारच. शेगडीची ज्योत पुकपुक करत उडत असेल, तर नळात पाणी साठलं आहे असं समजा.

नळ कशाचा असावा? जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ किंवा जाड काळा एचडीपीई नळ, दोन्ही चालतात. अंतर वाढलं तर नळ एक माप जाड घ्यावा, नाहीतर शेगडीपाशी दाब उरत नाही. शक्यतो संयंत्रच स्वयंपाकघरापासून १०-१५ मीटरच्या आत बांधावं. प्लॅस्टिकचा नळ उघड्यावर ठेवला तर उंदीर कुरतडतात, जनावरांच्या पायाखाली तो सापडतो. तो फूटभर खोल चरात पुरावा, आणि जिथनं बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो तिथं मोठ्या लोखंडी नळाच्या आतनं न्यावा. ठिबकची उरलेली नळी गॅसला वापरणारे पुष्कळ आहेत. फुकट पडलेली आहे म्हणून मोह होतो, हे समजतं. पण ती नळी पातळ असते, तिचे जोड नुसते दाबून बसवलेले असतात, आणि ते पाण्यासाठी केलेले आहेत. पाणी ठिबकलं तर दिसतं, गॅस दिसत नाही. ती वापरू नका.

सांधे जितके कमी तितकं बरं. लोखंडी नळाच्या आट्यांना सुतळी आणि सफेदा किंवा टेफ्लॉनची टेप नीट गुंडाळून मगच पाना मारायचा. टाकीजवळ एक मुख्य कॉक आणि शेगडीजवळ दुसरा, असे दोन कॉक हवेतच. गोबरगॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असतो. तो पितळेला खातो. म्हणून स्वस्त पितळी कॉक दोन-तीन वर्षांत घट्ट होतो किंवा दांड्यापाशी गळायला लागतो. कॉक हा बदलायचाच जिन्नस आहे, असं धरून चाला.

तरंगत्या टाकीच्या संयंत्रात आणखी एक नाजूक जागा असते. टाकी वरखाली होते, म्हणून तिच्या डोक्यापासून पक्क्या नळापर्यंत रबरी नळी असते. उन्हानं ती तडकते, वाकते तिथं आधी चिरते. दर महिन्याला ती हातानं वाकवून बघा. चीर दिसली तर नळी बदला. सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तार गुंडाळून दोन वर्षं काढणारे लोक आहेत, पण ती दुरुस्ती नव्हे. घुमटाच्या संयंत्राला, म्हणजे १९८४ साली आलेल्या दीनबंधूसारख्या संयंत्राला, ही हलती नळी नसते. पण तिथं दाब जास्त चढतो. तरंगत्या टाकीत दाब साधारण १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका कायम राहतो, तर घुमटात तो ९० सेंटिमीटरपर्यंत चढू शकतो. म्हणून तरंगत्या टाकीवर कधी न गळलेला सांधा घुमटावर गळू शकतो. नातेवाइकांकडचं काम बघून तसंच करून घेताना संयंत्र कोणतं, हे आधी विचारा.

आता गळती कशी शोधायची ते सांगतो. काडी पेटवून शोधायची नाही. ‘काडी धरली की कळतं’ असं सांगणारा मिस्त्री असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कपड्याच्या साबणाचा दाट फेस करा, दाढीचा जुना ब्रश घ्या, आणि प्रत्येक सांध्याला, कॉकच्या दांड्याला, रबरी नळीच्या दोन्ही टोकांना फेस लावा. गळती असेल तिथं फुगे येतात. ब्रश घाईनं फिरवू नका. बारीक गळतीचा फुगा यायला अर्धा-एक मिनिट लागतं.

पुरलेल्या नळाला फेस कसा लावणार? त्यासाठी दाब बघायची युक्ती आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवायची, तिच्यात रंगीत पाणी निम्म्यापर्यंत भरायचं. एक टोक गॅसच्या नळाला टी लावून जोडायचं, दुसरं उघडं ठेवायचं. गॅस सोडला की एका बाजूचं पाणी उतरतं आणि दुसरीकडचं चढतं. मग टाकीजवळचा मुख्य कॉक बंद, शेगडीचाही बंद. अर्धा तास थांबा. पाण्यातला फरक तेवढाच राहिला तर नळ शाबूत. फरक कमी होत गेला, तर गळती या दोन कॉकच्या मधेच आहे. ही तपासणी सकाळी ऊन चढायच्या आत करावी, उन्हानं नळ तापला तर आकडा फसवतो. घुमटाच्या संयंत्रासाठी या नळीच्या दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवा, नाहीतर पाणी उडून बाहेर येईल. दर सहा महिन्यांनी, आणि पाना लावलेल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर, ही तपासणी करावी.

दुरुस्तीनंतर नळात हवा शिरलेली असते. हवा आणि गॅस यांचं मिश्रण स्फोटक होऊ शकतं. म्हणून शेगडीकडचं टोक सोडून रबरी नळी खिडकीबाहेर न्या, आजूबाजूचा विस्तव विझवा, आणि थोडा गॅस बाहेर सोडून मगच शेगडी जोडा. नव्या संयंत्राचा पहिला गॅससुद्धा याच कारणानं न पेटवता सोडून द्यायचा असतो. आणि टाकीच्या तोंडाशी ज्योत लावून ‘गॅस आला का’ हे कधीही बघू नये. ज्योत आत ओढली जाऊ शकते. बघायचं ते शेगडीवर.

ताईंनो, आता खास तुमच्यासाठी. आज पुष्कळ घरांत गोबरगॅसही आहे आणि सिलिंडरही आहे. हे दोन गॅस वेगळे आहेत. गोबरगॅस हवेपेक्षा किंचित हलका, खोलीभर पसरतो, वर छपराखालीही साठतो. म्हणून स्वयंपाकघराला वरच्या बाजूला झरोका हवा. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड. तो जमिनीवर बसतो, उंबऱ्याशी आणि मोरीत साठतो. सिलिंडर असेल तर खालूनही हवा खेळायला हवी. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या, भोकं वेगळी. एकाची नळी दुसऱ्याला जोडू नये, आणि दोन्ही एकाच नळावर तर मुळीच आणू नयेत.

वास आला तर दोन्हींसाठी रीत एकच. विजेचं बटण चालू करू नका आणि चालू असेल तर बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळी पडते. चूल विझवा, देवाजवळचा दिवा शांत करा. दारं-खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा. गोबरगॅस असेल तर टाकीजवळचा कॉक बंद करा, सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून टोपण लावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पण फोन घराबाहेर जाऊन करा. एक ध्यानात असू द्या, सडक्या अंड्याचा वास थोड्या वेळानं येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही. नाक त्या वासाला बधिर होतं.

टाकी साफ करायला किंवा आत पडलेली वस्तू काढायला कुणीही उतरू नये. आतल्या हवेत प्राणवायू नसतो. एक जण पडला की दुसरा धावून उतरतो, आणि दोघंही जातात. हे काम माहितगार माणसांकडून, टाकी रिकामी करून आणि हवा खेळती ठेवूनच करायचं.

नळाचं काम प्रशिक्षित मिस्त्रीकडून करून घ्या. तो मिळत नसेल, तर पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा. काम संपल्यावर त्याला लगेच जाऊ देऊ नका. साबणाचा फेस त्याच्यासमोर लावा, दाबाची नळी अर्धा तास बघा, मग पैसे मोजा. आणि चर बुजवायच्या आधी त्याच्याकडनं एका कागदावर नळाचा नकाशा काढून घ्या, कुठनं गेला, किती खोल, सांधे कुठं, पाण्याची तोटी कुठं. तो कागद स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवा. उद्या परसात आंब्याचं रोप लावायला खड्डा घ्याल, तेव्हा तो लागेल.